पुलाखाली ड्रोन नेण्याआधी

आमच्या पहिल्या ड्रोन-अहवालात चौथ्या खांबावर एक तडा नोंदवला होता. लांबी साठ सेंटिमीटर, तिरका, फोटोत अगदी रेखीव. मी शिडी लावून वर चढले, भिंग काढलं, अंगठा फिरवला आणि तडा अंगठ्याला चिकटून आला. कोळ्याच्या जाळ्याचा धागा होता, धूळ बसून काळा झालेला. खाली शिडी धरून उभा असलेला आमचा पायलट म्हणाला, “मॅडम, मग दुरुस्ती झाली असं लिहायचं का?”

ती चूक हसण्यावारी गेली. उलट चूक मात्र हसण्यावारी नेता येत नाही. अमेरिकेत मेम्फिसला मिसिसिपी नदीवर हर्नांडो डी सोटो पूल आहे. ११ मे २०२१ रोजी तपासनिसांना त्याच्या एका मुख्य पोलादी तुळईत मोठी भेग दिसली आणि पूल तातडीने बंद झाला. पुढे जुनं चित्रण काढून बघितलं, तर मे २०१९ मधल्या ड्रोनच्या व्हिडिओतही ती भेग दिसत होती. म्हणजे ड्रोन तिथे गेला होता, कॅमेरा चालू होता, भेग चौकटीत आलीही होती. दोन वर्षं ती कुणाच्या नजरेत भरली नाही, एवढंच.

सतरा वर्षं मी पुलांची तपासणी करतेय. त्यातली पहिली दहा दोरीवर, शिडीवर आणि कठड्यावरून खाली वाकणाऱ्या गाडीच्या पिंजऱ्यात गेली, पुढची ड्रोनबरोबर. मेम्फिसचं वाचल्यापासून मी कामाची आखणी शेवटाकडून करते. फोटो कोण बघणार, त्याला किती बारीक दिसायला हवं आणि बघायला किती दिवस लागतील, हे आधी कागदावर येतं. ड्रोनची पेटी त्यानंतर उघडायची. खालचं सगळं प्रामुख्याने पुलांबद्दल आहे, कारण माझं आयुष्य तिथे गेलं. रेल्वे आणि डोंगरउतार यांचं थोडं शेवटाकडे.

आधी तडा, मग अंतर

पायलट पहिला प्रश्न विचारतो, “किती जवळ जाऊ?” याचं उत्तर अंदाजाने देऊ नका. गणित सोपं आहे. कॅमेऱ्याच्या सेन्सरवरच्या एका पिक्सेलची रुंदी घ्या, तिला पृष्ठभागापर्यंतच्या अंतराने गुणा आणि लेन्सच्या फोकल लांबीने भागा. येणारा आकडा म्हणजे एका पिक्सेलमध्ये काँक्रीटचा किती तुकडा मावतो ते.

एक इंची सेन्सरचा, २० मेगापिक्सेलचा कॅमेरा बऱ्याच ड्रोनवर असायचा, अजूनही आहे. त्याचा पिक्सेल २.४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि लेन्स ८.८ मिलिमीटरची. पाच मीटरवरून एका पिक्सेलमध्ये जवळजवळ १.४ मिलिमीटर काँक्रीट येतं. तीन मीटरवर ०.८, दोन मीटरवर ०.५५. आता काँक्रीटमधला ०.३ मिलिमीटरचा तडा धरा, कारण बांधकामाच्या अनेक संहितांमध्ये मर्यादा त्याच्याच आसपास असते. पाच मीटरवरून तो एका पिक्सेलच्या पाव भागाएवढाही नाही. कडेला पाण्याचा डाग असेल तर रेघेचा भास होईल, नाहीतर काहीच दिसणार नाही. आणि अहवालात मात्र ‘तडे आढळले नाहीत’ असं लिहिलं जाईल. ड्रोनच्या कामातलं सगळ्यात धोकादायक वाक्य माझ्या मते हेच.

यावर दोन उपाय निघतात, जवळ जाणं किंवा लांब लेन्स लावणं. दोन मीटरच्या आत जाणं मला मान्य नाही, वाऱ्याचा एक झोका आला की पंखे खांबाला लागतात. त्यामुळे लेन्स. दुसऱ्या एका ड्रोनवर आम्ही ४५ मिलिमीटरची लेन्स वापरतो, पिक्सेल ३.३ मायक्रॉनचा. पाच मीटरवरून एका पिक्सेलमध्ये ०.३७ मिलिमीटर येतं. म्हणजे ०.३ चा तडा आहे हे कळतं, पण त्याची रुंदी त्या फोटोवरून मोजता येत नाही. रुंदी मोजायची तर तड्यावर आडवे निदान तीन पिक्सेल पडायला हवेत. ‘दिसतो’ आणि ‘मोजता येतो’ या दोन गोष्टींची गल्लत काम देणाऱ्याकडून हमखास होते, तेव्हा करारातच दोन वेगळ्या ओळी घाला.

लांब लेन्सची किंमत फोटोंच्या संख्येत मोजावी लागते. वरच्या लेन्समध्ये पाच मीटरवरून जेमतेम १.९ मीटर रुंदीचा तुकडा येतो. दहा मीटर उंच आणि दोन मीटर रुंद चौकोनी खांब असेल तर शेजारचे फोटो थोडे एकमेकांवर येतील असं धरून एका बाजूला चोवीसेक फोटो, चारही बाजूंना शंभरच्या घरात. बारा गाळ्यांच्या पुलाला (गाळा म्हणजे दोन आधारांमधला भाग) मधले खांब अकरा, म्हणजे अकराशे फोटो नुसत्या खांबांचे. गर्डर (खांबांवर टेकलेल्या लांब तुळया), डेकची म्हणजे रस्त्याच्या स्लॅबची खालची बाजू आणि बेअरिंग (तुळई आणि खांब यांच्यामधले टेकू) धरलीत की चार हजार सहज होतात. एक फोटो पंधरा सेकंद बघायचा म्हटला तर साडेसोळा तासांहून जास्त होतात, आणि डोळे थकतात म्हणून प्रत्यक्षात तीन-चार दिवस लागतात. हे दिवस आधी मागून घ्या. उड्डाणाला दोन दिवस आणि बघायला अर्धा दिवस, असं वेळापत्रक समोर आलं तर त्या कामाला सरळ नाही म्हणा. मी म्हटलेलं आहे.

गणितावर विश्वास ठेवा, पण जागेवर पडताळाही करा. तड्याची रुंदी मापायचं पारदर्शक कार्ड मिळतं, त्यावर ०.१ पासून पुढे वाढत्या जाडीच्या रेघा छापलेल्या असतात. कामाच्या दिवशी ते कार्ड हाताला येईल एवढ्या उंचीवर, खांबाच्या सावलीतल्या बाजूला चिकटपट्टीने लावा. ड्रोन ठरलेल्या अंतरावर उभा करून त्याचा फोटो घ्या, तो लॅपटॉपवर मोठा करा आणि शेवटची कोणती रेघ वाचता येते ते बघा. आमच्याकडे एकदा गणित ०.३ म्हणत होतं आणि कार्डावर ०.५ च्या खालची एकही रेघ उमटत नव्हती. कारण शोधायला वीस मिनिटं गेली. लेन्सच्या काचेवर आदल्या दिवशीच्या तुषारांचा पापुद्रा होता. कार्डाचा तो फोटो अहवालाला जोडा. आपल्याला किती दिसत होतं याचा तोच पुरावा.

जागेवरचा पहिला तास

पहिला तास ड्रोन पेटीतच राहू द्या. पूल पायी फिरा, वरून आणि खालून. जुना अहवाल हातात असू द्या, कारण मागच्या वेळी कुठे पोपडे सुटले होते, कुठे सळ्या उघड्या पडल्या होत्या, हे माहीत असेल तर तिथे जास्त फोटो घेता येतात. तारा शोधा. पुलाला लागून जाणारी टेलिफोनची केबल, विजेची लाइन, कुणीतरी बांधून विसरलेली दोरी, अगदी मासेमारीची गळाची दोरीसुद्धा. ड्रोनचे अडथळा ओळखणारे सेन्सर भिंत छान ओळखतात, बारीक तार बहुतेकदा ओळखत नाहीत. गर्डरच्या कोपऱ्यांत मधमाशांचं पोळं आहे का, पक्ष्यांची घरटी आहेत का, तेही बघा. घरट्यात पिल्लं असली तर तो गाळा नंतरसाठी ठेवा. पोळं असलं तर त्या गाळ्याखाली माणूससुद्धा उभा करू नका.

परवानगीचं लांबण इथे लावत नाही, देशादेशात नियम वेगळे आहेत. पण दोन गोष्टी जवळपास सगळीकडे आहेत. ड्रोन पायलटच्या नजरेसमोर असला पाहिजे, आणि चालत्या वाहनांच्या किंवा माणसांच्या डोक्यावरून तो नेता कामा नये. पुलाच्या कामात पहिला नियमच अवघड पडतो, कारण खांबामागे गेला की ड्रोन दिसेनासा होतो. म्हणून एक निरीक्षक लागतोच. तो खांबाच्या पलीकडे उभा राहतो आणि वॉकी-टॉकीवर बोलतो. आमच्यात एक शब्द ठरलेला आहे, ‘थांब’. तो कुणीही उच्चारला की पायलट रिमोटच्या दोन्ही काड्या सोडून देतो, का ते नंतर विचारायचं. ‘अरे जरा बघ हं, मला वाटतं...’ असली वाक्यं वॉकी-टॉकीवर चालत नाहीत.

आणि पाटी. हाताएवढी पांढरी पाटी आणि मार्कर. प्रत्येक उड्डाणाचा पहिला फोटो पाटीचा असतो: ‘खांब ३, प्रवाहाच्या वरची बाजू, बॅटरी २’. काँक्रीटचे सगळे फोटो एकसारखे दिसतात. संध्याकाळी चौथ्या आणि सातव्या खांबाच्या पोपड्यांत फरक करता आला नाही की दिवस वाया गेला. पुलाखाली जीपीएस नीट मिळत नसल्याने फोटोत साठवलेलं स्थानही दहा-वीस मीटर इकडेतिकडे असू शकतं, त्यावर विसंबू नका. खांबांना क्रमांक कुठल्या काठापासून द्यायचे, हे जुन्या नकाशाप्रमाणे ठेवा. आपण सोयीने उलटे मोजले तर पुढच्या वर्षी येणाऱ्याने दोष शोधायचा कुठे?

डेकखाली

मोकळ्या आकाशात ड्रोन आपला आपण स्थिर राहतो, म्हणून पायलटला वाटतं की आपल्याला उडवता येतं. डेकखाली गेलं की खरं काय ते कळतं. वर काँक्रीटचं छत आल्याने उपग्रहांचे संकेत तुटतात किंवा खांबांवर आपटून वेडेवाकडे येतात. पोलादी गर्डर आणि सळ्यांमुळे होकायंत्र गोंधळतं. खाली संथ, चकचकीत पाणी असेल तर जमीन बघून स्थिर राहणारा कॅमेराही फसतो. पाण्याची लाट सरकते आणि ड्रोनला वाटतं आपणच सरकलो. अंधारात तर तो कॅमेरा आंधळाच. अशा वेळी ड्रोन वाऱ्याबरोबर वाहत जातो, आणि पायलटने तो हाताने धरून ठेवायचा असतो. हे कौशल्य मोकळ्या मैदानात, जीपीएस बंद ठेवून, आठवडाभर घोटून घ्यावं लागतं. पुलाखाली शिकायची ती गोष्ट नाही.

सगळ्यात महत्त्वाची सेटिंग आता सांगते. ती मी पैसे मोजून शिकले. संपर्क तुटला तर ड्रोनने काय करायचं, हे आधी ठरवून देता येतं. कारखान्यातून तो बहुधा ‘घरी परत ये’ असं शिकून आलेला असतो. त्यासाठी तो आधी ठरलेल्या उंचीपर्यंत सरळ वर चढतो आणि मग निघालेल्या जागेकडे येतो. मैदानात हे शहाणपणाचं आहे. डेकखाली ते छताला डोकं आपटणं ठरतं. आमचा ड्रोन पाचव्या खांबामागे गेला, संपर्क तुटला, डेकच्या कडेपाशी त्याला उपग्रह सापडले आणि तो आज्ञाधारकपणे वर निघाला. कठड्याखाली बाहेर आलेल्या स्लॅबला पंखा लागला. एक ठक्क आवाज, मग पाण्यात. त्यातल्या मेमरी कार्डावर सकाळपासूनच्या तीन बॅटऱ्यांचे फोटो होते.

तेव्हापासून दोन नियम. डेकखाली जाण्याआधी संपर्क तुटल्यावरची आज्ञा ‘जागेवर तरंगत राहा’ अशी बदलायची, आणि ती बदलल्याचं पायलटने मोठ्याने सांगायचं, निरीक्षकाने पडद्यावर बघायचं. आणि दर बॅटरीमागे कार्डातले फोटो लॅपटॉपवर उतरवायचे. तरंगत राहण्यातही धोका आहे, वाऱ्याने तो सरकू शकतो. पण तेवढ्यात पायलटला चार पावलं बाजूला जाऊन संपर्क परत जोडायला वेळ मिळतो.

वाऱ्याचं वेगळं सांगायला हवं. काठावर वारा नसला म्हणून दोन खांबांमध्ये तो नसतो असं नाही. फट अरुंद झाली की वारा जोर धरतो, आणि खांबाच्या आडोशाच्या बाजूला भोवरे घालतो. आडोशातून बाहेर पडताना ड्रोनला एकदम धक्का बसतो. म्हणून वाऱ्याच्या बाजूने खांबाकडे जाऊ नका, वारा तुम्हाला खांबावर ढकलेल. शक्यतो असे उभे राहा की वारा ड्रोनला काँक्रीटपासून दूर नेईल. वरून जड ट्रक गेला की डेकच्या कडेला हवेचा एक लोट खाली येतो, तोही लक्षात ठेवा. बॅटरी माहितीपत्रकात अर्धा तास म्हणत असेल, तरी पुलाखाली पंधरा-अठरा मिनिटांचं काम धरा आणि तीस टक्के उरली की उतरवा.

डेकची खालची बाजू बघायला कॅमेरा सरळ वर वळावा लागतो. पोटाखाली कॅमेरा टांगलेले साधे ड्रोन थोडेसेच वर बघू शकतात आणि फोटोत स्वतःचेच पंखे घेऊन बसतात. कॅमेरा डोक्यावर बसवता येतो असा ड्रोन लागतो. नसेल तर तिरक्या कोनातून घ्या, पण तिरक्या फोटोत लांबचं टोक धूसर येतं, तेवढा भाग बघितला नाही असंच नोंदवा.

उजेड

फोटोग्राफर सोनेरी उजेडाच्या मागे असतात, आपल्याला ढगाळ दिवस हवा. कडक उन्हात खांबाची एक बाजू पांढरी फटक आणि दुसरी काळी ठिक्कर येते, आणि सावलीची कड तड्यासारखी दिसते. डेकखाली प्रश्न उलटा होतो. मागे उजळ आकाश असल्याने कॅमेरा सगळंच अंधारं करतो. एक्स्पोजर हाताने एक-दोन पायऱ्या वाढवा, आकाश जळालं तरी चालेल, आपण आकाश तपासत नाही. फोकसही हाताने ठेवा, नाहीतर कॅमेरा काँक्रीट सोडून पलीकडच्या झाडावर जातो.

हलता ड्रोन फोटो पुसट करतो, तेही मोजता येतं. सेकंदाला अर्धा मीटर वेग आणि शटर एक पाचशेंश सेकंद असेल, तर तेवढ्या वेळात ड्रोन एक मिलिमीटर सरकतो. आपण ०.३ शोधतोय! म्हणून थांबा, एक श्वास घ्या, फोटो काढा, सरका. व्हिडिओ मी तपासणीसाठी घेत नाही, फक्त जागा कळायला घेते. त्यातली एकेक चौकट फोटोइतकी तीक्ष्ण नसते. शिवाय व्हिडिओ सरकत राहतो, आणि बघणाऱ्याची नजरही त्याच्याबरोबर सरकत जाते.

काय बघायचं

काँक्रीटमध्ये पाणी कुठून येतं, ते आधी शोधा. एक्स्पान्शन जॉइंटखालचा (उन्हाने पूल फुगतो म्हणून ठेवलेल्या फटीखालचा) पिअर कॅप म्हणजे खांबाचा माथा, पाणी सोडणाऱ्या नळ्यांची तोंडं आणि बेअरिंगच्या आजूबाजूची जागा इथे माझे फोटो दुप्पट असतात. पांढरे ओघळ दिसले तर पाणी काँक्रीटच्या आतून चुना घेऊन बाहेर येतंय, म्हणजे आत वाट आहे. ओघळ तांबूस असले तर सळीपर्यंत पोचलंय. बेअरिंग कलंडलंय का, त्याच्यापाशी कचरा साठून हालचाल अडलीय का, सांध्यात झाडाचं रोप रुजलंय का, हे सगळं ड्रोन छान दाखवतो, आणि पूर्वी याच जागा आम्हाला सगळ्यात कमी दिसायच्या. खरं सांगायचं तर ड्रोनने माझं काम सर्वांत जास्त बदललं ते इथे. पिंजऱ्याची गाडी आणायची तर पुलाची एक मार्गिका बंद करावी लागायची. तेवढ्यासाठी बेअरिंग दुर्बिणीतून बघून काम भागवलेले दिवस मला आठवतात.

पोलादी पुलात जोडणीच्या पट्ट्या, वेल्डिंगचे शेवट, रिव्हेट गळालेल्या जागा बघा. रंगावर बारीक तांबडी रेघ दिसली तर ती गंजाची आहे की रंगाखालच्या भेगेतून आलेली, हे फोटोवरून ठरवू नका. तिथे माणूस पाठवा. खांबाच्या पायथ्याशी पाण्याने माती पोखरली असेल, तर पाणी उतरलेलं असताना मातीच्या जुन्या पातळीची खूण खांबावर दिसते. पाण्याखाली काय आहे ते मात्र पाणबुड्यालाच कळणार.

तड्यासारखं दिसणारं सगळं तडा नसतं. शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतताना लावलेल्या साच्याच्या फळ्यांची रेघ सरळ आणि ठरावीक अंतरावर येते. तडा चुकूनच इतका शिस्तशीर असतो. पावसाचा ओघळ नेहमी खाली जातो, तडा मनाला येईल तिकडे. कोळ्याचा धागा पृष्ठभागापासून किंचित वर असतो, त्यामुळे शेजारच्या दोन फोटोंत जरा वेगळ्या जागी दिसतो. माझ्या अंगठ्याला चिकटलेल्या त्या धाग्यानंतर आम्ही संशयाची प्रत्येक रेघ दोन कोनांतून घेतो.

बघणं

उडवणाऱ्याने फोटो पहिल्यांदा बघू नयेत, असं माझं मत. दिवसभर पडद्याकडे बघून त्याला सगळं ओळखीचं झालेलं असतं, आणि ओळखीच्या गोष्टीत दोष दिसत नाही. आमच्याकडे फोटो मी बघते आणि दुसरा एक अभियंता स्वतंत्रपणे बघतो. आमच्या खुणा एकमेकांना आधी दाखवत नाही. नंतर दोन्ही याद्या समोर ठेवल्या की प्रत्येक वेळी दोघांच्याही यादीत काहीतरी सुटलेलं असतं. माझं सुटलेलं बहुधा दुपारी तीननंतरचं निघतं, म्हणून आता तीननंतर मी फोटो बघत नाही.

बघताना फोटो पूर्ण पडद्यावर आणून पुढे ढकलू नका. शंभर टक्के मोठा करा आणि डावीकडून उजवीकडे, ओळीने खाली, वाचल्यासारखा बघा. संगणकाचं तडे ओळखणारं सॉफ्टवेअर मी वापरते, ते वर्गवारीला बरं आहे. पण शटरिंगची रेघ आणि कोळ्याचे धागे तेही तितक्याच उत्साहाने तडा म्हणून रंगवतं, आणि मुख्य म्हणजे त्याने काही रंगवलं नाही म्हणून तो फोटो न बघता सोडायची सवय लागते. फोटो जोडून बनवलेलं त्रिमितीय मॉडेल सादरीकरणात सगळ्यांना आवडतं. जागा दाखवायला ते उत्तम आहे. पण जोडताना रंग आणि रेघा एकमेकांत मिसळल्या जातात, बारीक तडे त्यात विरघळतात. तपासणी मूळ फोटोंवरच.

जिथे हातच लागतो

हातोडी मारून ऐकणं ड्रोनला जमत नाही. सुटलेला थर बद्द वाजतो, धड काँक्रीट खणखणीत वाजतं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. डेकवरच्या सुटलेल्या थरांसाठी उष्णतेचा कॅमेरा थोडी मदत करतो, कारण ऊन चढताना सुटलेला थर शेजारच्यापेक्षा लवकर तापतो आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. पण डेक कोरडा हवा, ऊन नीट पडलेलं हवं आणि तेलाचे डाग व डांबराची ठिगळं ओळखता आली पाहिजेत.

काही दोष तर बाहेरून दिसतच नाहीत. अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळला आणि ४६ माणसं गेली. सुरुवात झाली ती साखळीतल्या एका पट्टीच्या छिद्राच्या आतल्या बाजूला, काही मिलिमीटरच्या भेगेतून. सांधा उघडल्याशिवाय ती दिसण्यासारखी नव्हती. त्या दुर्घटनेनंतर तिथे पुलांच्या नियमित तपासणीचे राष्ट्रीय मानदंड आले. आजचा ड्रोन त्या पुलाभोवती फिरला असता, तर त्याने त्या पट्टीचे सुंदर, स्वच्छ फोटो आणले असते. म्हणून आमच्या अहवालात एक वेगळा तक्ता असतो, ‘ड्रोनने न बघितलेले भाग’. बंद पेटीसारख्या गर्डरची आतली बाजू, सांध्यांचं पोट, पाण्याखालचा पाया. काम देणाऱ्यांना हा तक्ता आवडत नाही. तो काढायला सांगितला तर सही करू नका.

रेल्वेमार्गावर हेच सगळं, पण वर विजेची तार. बऱ्याच मार्गांवर ती २५,००० व्होल्टची असते. वीज बंद केल्याचं लेखी कळल्याशिवाय आणि गाड्या थांबवल्याशिवाय तारांच्या पातळीवर जाऊ नका. जाणाऱ्या गाडीचा वारा ड्रोनला आधी ढकलतो, मग ओढतो. बोगद्यात पिंजऱ्यात बसवलेला लहान ड्रोन आणि भरपूर दिवे लागतात. घाटातल्या कापलेल्या उतारांवर मात्र ड्रोनसारखं दुसरं साधन मला माहीत नाही. तिथे पावसाआधी आणि पावसानंतर एकाच मार्गाने उड्डाण करून दोन मॉडेल एकमेकांवर ठेवा, सरकलेला दगड लगेच दिसतो.

त्याच मार्गाने पुन्हा उडण्याची गोष्ट पुलालाही लागू आहे. उड्डाणाचे बिंदू, अंतर, लेन्स आणि कोन जपून ठेवा. माणूस एखाद्या तड्यापर्यंत पोचलाच, तर तड्याच्या दोन्ही टोकांना न पुसणाऱ्या मार्करने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहायला सांगा, अक्षर एवढं मोठं की पाच मीटरवरून फोटोत वाचता यावं. आमच्या एका पुलाच्या आठव्या खांबावर मी स्वतः अशी रेघ मारून आले होते. पुढच्या वर्षी पायलटने तोच फोटो काढला आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. माझी रेघ, माझं अक्षर, आणि रेघेच्या खाली चार सेंटिमीटर पुढे गेलेला तडा. त्याने विचारलं, “मॅडम, जाळं नाही ना?” दुसऱ्या कोनातला फोटो बघितला, तडा जागचा हलला नाही. त्याच दुपारी दोरीवरच्या पथकाला फोन केला.